रस्त्याखालची मोरी

"ताई, तुमच्या बंधाऱ्यावर बाण न्या आणि दाबा," मयूरी म्हणाली आणि तिने माऊस माझ्या हाताखाली सरकवला.

शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही चौघं होतो. मी, माझी धाकटी जाऊ मयूरी, सरपंच हणमंतआबा, आणि उभा जन्म मेंढरांमागे काढलेले गेनूबापू. पडद्यावर आमची करंजवाडी वरून दिसत होती. घरं नखाएवढी, विहिरी टिकलीएवढ्या. जांभळीच्या ओढ्यावरचा माझा बंधारा शोधायला मला वेळ लागला नाही. बाण तिथे नेऊन मी दाबलं. एक चक्र गरगरलं आणि चार-पाच सेकंदांत लाल रेघ निघाली. ती भैरोबाच्या डोंगराच्या माथ्यावर चढली, धारेधारेने गेली, पलीकडून उतरली आणि फिरून बंधाऱ्याला येऊन मिळाली.

"या रेघेच्या आत पडलेलं पाणी तुमच्या बंधाऱ्याकडे येतं," मयूरी म्हणाली. "एकशे ऐंशी एकर."

"आयला!" आबा खुर्चीतून उठलेच. "ह्याला म्हंत्यात डोकं! नुसतं बोट दाबलं की पाणलोट हजर!"

बोट माझं होतं, पण आबा बघत होते मयूरीकडे.

हीच रेघ बारा वर्षांपूर्वी मी चालून काढली होती. अकरा दिवस लागले होते. माथ्यावर उभं राहायचं, इथे पाणी सांडलं तर कुठल्या अंगाला जाईल ते बघायचं, चुन्याच्या फक्कीची खूण करायची आणि पुढे चालायचं. टाचेत मोडलेला बाभळीचा काटा सासूबाईंनी सुईने कोरून काढला होता. तेव्हा कुणी 'आयला' म्हणालं नव्हतं. आबा तर म्हणाले होते, 'वहिनी, घरी भाकऱ्या कोण थापतंय?'

मयूरीची लाल रेघ माझ्या फक्कीच्या रेघेवरूनच गेली होती. मला बरं वाटायला हवं होतं. माझी कानशिलं तापली.

"तुझ्या कॉम्प्युटरला हे आत्ता कळलं होय," मी म्हणाले. "आम्हाला बारा वर्षांपूर्वीच माहीत होतं."

"तेच तर, ताई," मयूरी हसली. "तुम्ही नुसत्या डोळ्यांनी केलंत."

तिचं हे असं होतं. टोमणा मारावा तर ती त्याचं कौतुक करून टाकायची.

मयूरी घरात यायच्या आधी करंजवाडीत पाणी म्हटलं की रत्नमाला, असा रिवाज होता. मी दहावी नापास. पाणलोट समितीत एक बाई हवी म्हणून माझं नाव घातलं गेलं आणि हळूहळू मीच समिती झाले. दर वर्षी शिवारफेरी झाली की देवळापुढे मी रांगोळीने गावाचा नकाशा काढायचे. निळीने ओढे, गेरूने डोंगर, हळदीने पायवाटा. दुसऱ्या गावची माणसं टेम्पो करून तो बघायला यायची आणि वेशीत शिरल्या शिरल्या विचारायची, रत्नमालाबाईंचं घर कुठलं? जांभळीवरच्या बंधाऱ्याची जागा मी दाखवली होती, म्हणून त्याला 'रत्नाक्काचा बंधारा' हेच नाव पडलं.

त्या बंधाऱ्यात पाणी कधी गुडघ्याच्या वर आलं नाही, ही गोष्ट वेगळी. "मुरतंय," मी सांगायचे. "खाली विहिरींना उतरतंय." लोक माना डोलवायचे. मीही डोलवायचे.

मग सतीशभाऊजींचं लग्न झालं आणि रुखवतात लॅपटॉप मांडून मयूरी आली. भूगोल घेऊन कराडला शिकलेली. आमच्या सासूबाई आठवडाभर त्या लॅपटॉपला पदर लागू देत नव्हत्या. पोरगी पहाटे उठायची, न सांगता शेणघाण काढायची, मला 'ताई' म्हणायची ते पोटातून. तिच्यात एखादा दोष सापडला असता तर माझं बरंच काम सोपं झालं असतं. मी शोधला. चहात साखर जास्त घालते, एवढाच निघाला.

मला तिचा हेवा वाटत होता, आणि तो लपवण्याइतकी हुशारी माझ्यात नव्हती. आमच्या माजघरात चालू बटण एकच होतं. तिने लॅपटॉप लावायची वेळ झाली की मी तिथे माझा मोबाईल लावून ठेवायचे, भरलेला असला तरी. तिला शाळेतून बोलावणं आलं की मला नेमकं तेव्हाच दळण निवडून हवं असायचं. ती मुकाट्याने निवडून द्यायची आणि मग जायची. सासूबाई एकदा म्हणाल्या, "रत्ना, तुला उन्हाळा बाधलाय का गं?" मी म्हणाले, "व्हय."

त्या साली एका संस्थेने गावाला एक मातीचा बंधारा देऊ केला होता. एकच. जागा एक मेच्या ग्रामसभेत ठरवायची होती. माझ्या मनात जागा पक्की होती. जांभळीच्या ओढ्यावरच, माझ्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला. एकावर एक असे दोन झाले की पाणी थांबेल आणि बारा वर्षांच्या त्या 'मुरतंय'ला एकदाचा शेवट येईल. हे दुसरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मयूरीच्या मनात दुसरीच जागा होती. हे मला तिने नाही, आबांनी सांगितलं, देवळापाशी.

"धाकल्या वहिनी म्हंत्यात रस्त्याच्या खाली घ्या. शिंदेवस्तीकडं, चिंचेच्या ओढ्यावर."

आमच्या गावाला मधोमध डांबरी रस्ता कापतो. भराव घालून उंच केलेला. रस्त्याच्या वरच्या अंगाला डोंगर, गाव आणि जांभळीचा ओढा. खालच्या अंगाला शिंदेवस्ती आणि चिंचेचा ओढा. शिंदेवस्तीच्या विहिरी संक्रांतीलाच तळ दाखवायच्या आणि मग तिथल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन रस्ता ओलांडून आमच्याकडे यायच्या.

"आणि तिचा नकाशा काय म्हणतो?" मी विचारलं.

"नकाशात तर समदं पाणी जांभळीलाच दिसतंय. म्हणून तर मलाबी कोडं पडलंय. बघू, सभेत सांगतील." मग आबा जरा घुटमळले. "आन् वहिनी, यंदा रांगोळीचा नकाशा ऱ्हाऊ द्या. आता भिंतीवर मोठा दिसतोय म्हंताना…"

मी बरं म्हणाले. घरी येऊन निळीचा, गेरूचा डबा फळीवर सगळ्यात मागे ढकलला आणि कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याचं कारण कुणी विचारायला नको.

त्याच संध्याकाळी मयूरी चुलीपाशी येऊन बसली.

"ताई, एक विचारू? कॉम्प्युटर हा नकाशा आभाळातून मोजलेल्या उंचीवरून करतो. त्याला आपला रस्ता भिंतीसारखा दिसतो. डोंगरावरून आलेलं पाणी भिंतीला आपटून जांभळीकडे वळतं, असं तो धरून चाललाय. पण रस्त्याखालून पाणी जायला कुठे वाट असली तर त्याला दिसणार नाही. तुम्हाला ठाऊक आहे का काही?"

मला ठाऊक होतं.

आदल्या पावसाळ्यात माझी एक शेळी चुकली होती. शोधत शोधत रस्त्याच्या कडेने गेले तर घाणेरीच्या जाळीतून तिचं ओरडणं ऐकू आलं. जाळी बाजूला केली तर आत दगडी मोरी. जुनी, कमानीची, माणूस वाकून जाईल एवढी. शेळी एका दगडावर चढून उभी होती आणि तिच्या पायांखालून गढूळ पाणी धो धो खाली शिंदेवस्तीकडे चाललं होतं. मी शेळीला ओढून घरी आणलं आणि तिला दोन धपाटे घातले. मोरीचं कुणाला बोलले नाही. बोलण्यासारखं तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

"मला नाही बाई ठाऊक," मी मयूरीला म्हणाले. "तुझ्या कॉम्प्युटरलाच विचार."

ती उठून गेली. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि मला एकदम हलकं वाटलं. कितीतरी महिन्यांनी. तिच्या त्या झकपक नकाशात एक भोक होतं आणि त्याची जागा सगळ्या गावात फक्त मला माहीत होती. ते आत्ता सांगण्यात काही मजा नव्हती. सांगायचं ते सभेत, सगळ्यांदेखत. भिंतीवर नकाशा लावलेला असताना.

ग्रामसभेच्या तीन दिवस आधी ती पुन्हा आली. मी माळवदावर सांडगे घालत होते.

"ताई, उद्या सकाळी माझ्याबरोबर रस्त्याकडेला येता का? दोघीच जाऊ. अर्धा तास फक्त."

"सांडगे कोण घालणार?"

"मी परत येऊन घालते सगळे."

"तुझे सांडगे चपटे होतात," मी म्हणाले.

ती थोडा वेळ उन्हात उभी राहिली. मग माझ्या शेजारी बसून पीठ हातात घेतलं आणि सांडगे घालायला लागली. खरंच चपटे.

एक मेला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या मोठ्या वर्गात सभा बसली. शिंदेवस्तीची माणसं झाडून आली होती, बायासुद्धा. भिंतीवर नकाशा लागला तसा सगळा वर्ग 'हां' म्हणाला. मयूरी पदर खोचून उभी होती. एकेक ओढा, एकेक विहीर दाखवत गेली. पोरं आपापली घरं ओळखून ओरडत होती. माझ्या बंधाऱ्याभोवतीची लाल रेघ आली तेव्हा तिने मुद्दाम सांगितलं, "ही रेघ रत्नाताईंनी पायी चालून काढली होती. मी फक्त पडताळली."

मला तेही नको होतं.

मग ती म्हणाली, "माझं मत आहे की नवा बंधारा चिंचेच्या ओढ्यावर घ्यावा."

लोक गोंधळले. आबांनी जे सगळ्यांच्या मनात होतं ते विचारलं. "वहिनी, तुमचाच नकाशा सांगतोय की पाणी जांभळीला हाय. चिंचेच्या ओढ्याला किती दावतोय?"

"तीस एकरांचं."

"मग तिथं बंधारा घिऊन काय त्यात माती भरायची?"

हशा पिकला. मयूरी लाल झाली. "शिंदेवस्तीला पाण्याची जास्त गरज आहे," ती म्हणाली.

"गरज हाय म्हणून पाणी येतंय होय?" कुणीतरी मागून म्हणालं. शिंदेवस्तीच्या बायांनी माना खाली घातल्या.

"आणखी काय कारण?" आबांनी विचारलं.

मयूरीने एकदा माझ्याकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "एवढंच."

मी जिंकले होते. हे मला त्या वेळी कळलं नाही, नंतर कळलं. मी नुसती गप्प बसले असते तर पाच मिनिटांत हात वर झाले असते आणि बंधारा माझ्या बंधाऱ्याशेजारी गेला असता. पण मला नुसता बंधारा नको होता. मला तिचा नकाशा खोटा पडलेला बघायचा होता. लोक तिला हसले ते जागेवरून. नकाशाकडे अजून सगळे देव्हाऱ्याकडे बघावं तसे बघत होते.

मी उभी राहिले.

"आबा, हा नकाशाच चुकीचा आहे."

आबा माझ्याकडे वळले.

"रस्त्याखाली मोरी आहे," मी म्हणाले. "दगडी, कमानीची. घाणेरीत झाकलेली. पावसात तिच्यातून धो धो पाणी खाली जातं, मी या डोळ्यांनी बघितलंय. ही मोरी हिच्या नकाशात कुठे आहे? आभाळातून बघणाऱ्याला जमिनीवरचं काय दिसणार?"

मी मयूरीकडे बघत होते. तिचा चेहरा पडेल याची वाट बघत होते. तो पडला नाही. ती घाबरल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली.

"ताई," ती हळू म्हणाली, "राहू द्या. बसा."

"का? टाक की मोरी. तुझ्या यंत्राला येत नसेल तर तसं सांग."

"टाका, टाका," गेनूबापू पुढे सरकले. "चिंचेच्या वड्याला पावसाळ्यात पाणी मोप असतंय. त्ये कुठनं येतंय ह्ये मला जन्मात कळलं न्हाय. टाका बघू."

"ताई, खरंच टाकू?" मयूरीने मला विचारलं. साऱ्या सभेत फक्त मला.

"टाक."

तिने रस्त्यावर एका जागी छोटी आडवी रेघ मारली. जागा तिने मला विचारली नाही. मी घाईत होते, ते माझ्या ध्यानात आलं नाही. चक्र गरगरलं. माझ्या बंधाऱ्याभोवतीची लाल रेघ पुसली गेली आणि नव्याने उमटली. डोंगर तिच्या बाहेर गेला होता. भैरोबाचा अख्खा माथा गेला होता. राहिला होता गावामागचा एक तुकडा, ओंजळीएवढा.

"बावीस एकर," मयूरी म्हणाली.

मग तिने चिंचेच्या ओढ्यावर बाण नेला. दुसरी रेघ निघाली आणि चढत चढत सगळा डोंगर कवेत घेऊन आली. शिंदेवस्तीतली एक म्हातारी उठून उभीच राहिली.

बारा वर्षं 'मुरतंय' ऐकलेली माणसं होती ती. एकेक जण भिंतीवरून नजर काढून माझ्याकडे बघायला लागला. पाणी मुरत नव्हतं. पाणी येतच नव्हतं. बंधाऱ्याची जागा चुकली होती आणि ती मी दाखवली होती. त्या अकरा दिवसांत रस्त्याच्या कडेने जाताना मीही त्या भरावाला भिंतच समजले होते आणि खाली वाकून बघितलं नव्हतं. बाकाला धरून मी उभी होते, कारण बसले असते तर रडले असते.

आणि तेव्हा टाळी वाजली. मयूरीची. मग गेनूबापूंची, मग शिंदेवस्तीच्या बायांची, मग सगळ्या वर्गाची.

"ह्याला म्हंत्यात माणूस!" आबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "सोताच्या बंधाऱ्याचं नाव गेलं तरी चालंल, पण गावाचं पाणी चुकाय नगं. वहिनी, तुमच्याम्होरं हात जोडतो."

त्यांनी खरोखरच जोडले. मीही जोडले. दुसरं काय करणार?

सभा चिंचेच्या ओढ्याच्या बाजूने एकमताने उठली. घरी जाताना मयूरी माझ्या बरोबरीने चालत होती. ऊन मी म्हणत होतं. देवळाच्या पुढे आल्यावर रस्त्यावर दोघीच राहिलो.

"ताई," ती म्हणाली, "मोरी मला आठवड्यापूर्वीच सापडली होती. जाळी तोडून आत जाऊन आले. नकाशात टाकून बघितली आणि जे निघालं ते बघून झोप उडाली माझी. म्हणून तर तुम्हाला एकटीला न्यायचं होतं. आधी तुम्हाला दाखवावं, मग तुम्ही म्हणाल तसं करावं."

"आणि मी आले नाही."

"नाही आलात. मग म्हटलं, सभेत मोरीचं नाव काढायचं नाही. नुसती गरज सांगून जागा मिळते का बघू. नाहीच मिळाली तर नंतर आबांना एकट्याला गाठून सांगणार होते." तिने डोळे पुसले. "तुमच्या नावाचा बंधारा तो. चारचौघांत तो माझ्या हातून कसा बाद करायचा? मला वाटलं, तुम्हाला यातलं काही माहीत नसेल. आणि तुम्हाला सगळं माहीत होतं! मी त्या दिवशी चुलीपाशी विचारलं तेव्हासुद्धा तुम्ही तोलत होतात, हो ना? सांगावं की नाही. आणि आज मला लोक हसायला लागले तेव्हा तुमच्याने राहवलं नाही. स्वतःचं सगळं जाणार हे कळत असून उठलात."

मी चालायची थांबले.

एका वाक्याचं काम होतं. 'नाही गं, तुला पाडायला उठले होते.' तोंडाशी आलं होतं ते. समोर ती उभी होती, पदराने नाक पुसत, माझ्याकडे असं बघत होती की तसं माझ्याकडे कुणी, माझ्या आईनेसुद्धा, कधी बघितलं नव्हतं.

"चल," मी म्हणाले. "भाकऱ्या टाकायच्यात."

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. चिंचेच्या ओढ्यावरचा बंधारा पहिल्याच वर्षी सांडव्यावरून वाहिला. शिंदेवस्तीच्या बाया आता हंडे घेऊन वर येत नाहीत. मयूरी तालुकाभर नकाशे शिकवत हिंडते आणि दर ठिकाणी ही गोष्ट सांगते. गेल्या महिन्यात कॉलेजची पोरं गाव बघायला आली होती. त्यांनाही सांगितली तिने, बंधाऱ्याच्या काठावर उभी राहून, मी शेजारी असताना. "कॉम्प्युटरला जे दिसलं नाही ते आमच्या ताईंनी सांगितलं. स्वतःचं नाव पुसून." पोरींनी वाकून माझ्या पायांना हात लावला.

लोकांना वाटतं, आम्हा दोघी जावांसारखं प्रेम तालुक्यात शोधून सापडणार नाही. तेही खोटं नाही. तिच्या नकाशांचा मला हेवा वाटत नाही आता, ते मीही थोडेफार शिकले आहे. तिच्या शिक्षणाचा, तिच्या कौतुकाचाही वाटत नाही. पण ती ही गोष्ट सांगायला लागली की माझी कानशिलं अजून तापतात. त्या दिवशी वर्गात उभी राहिलेली जी बाई तिला दिसली, तिचा मला हेवा वाटतो.